कुणाचं बालपण जास्त खडतर? ही पैज कुणीच का जिंकत नाही

"आम्ही कंदिलाच्या उजेडात अभ्यास केलाय."

"कंदील होता? मग तुम्ही श्रीमंतच म्हणायचे."

"शाळेला चार किलोमीटर चालत जायचो. अनवाणी."

"आमची सहा होती. आणि मध्ये ओढा."

"ओढ्याला पाणी तरी होतं ना?"

जुने मित्र जमले की हा सामना हटकून रंगतो. भावंडांत रंगतो, ऑफिसच्या सहलीत रंगतो, सासरा-जावयात तर फारच रंगतो. नियम कुणीच सांगत नाही, तरी सगळ्यांना पाठ असतात: समोरच्याच्या हालावर आपले हाल चढवायचे आणि चेहरा गंभीर ठेवायचा. गंमत अशी की आजवर "बरं बाबा, तुझंच जास्त खडतर" असं म्हणून कुणी मनापासून हार मानल्याचं मी पाहिलेलं नाही. दोघंही शहाणे आहेत, दोघंही खरं बोलतायत, मग निकाल का लागत नाही? या साध्या प्रश्नावर मानसशास्त्रज्ञांनी आणि समाजशास्त्रज्ञांनी गेल्या शंभरेक वर्षांत आडून-आडून बरंच काम केलं आहे. ते पाहू.

आधी ही बढाई उलटी का, ते बघा

माणूस एरवी बढाई मारतो ती आपल्याकडे काय आहे याची. घर केवढं, पगार किती, पोरगी कुठे शिकते. इथे मात्र काय काय नव्हतं, याची बढाई चाललेली असते. चप्पल नव्हती, वीज नव्हती, वेगळी खोली नव्हती.

पण तिचा हिशेब सरळ आहे. दोघं मित्र आज साधारण एकाच ठिकाणी उभे आहेत. मग जो जास्त लांबून चालत आला, त्याची कमाई मोठी. म्हणजे बोलणं बालपणाचं असलं तरी मोजमाप आजचं चाललेलं असतं. याचा पुरावा व्याकरणात सापडतो: या खेळाला भूतकाळ लागतो. "लहानपणी उपाशी झोपायचो" हे हसत सांगता येतं. "काल उपाशी झोपलो" हे सांगितलं, तर टेबलावरचं हसू जागच्या जागी थांबतं.

समोरचा वारा आणि पाठीवरचा वारा

सायकल चालवताना वारा समोरून असला की तो प्रत्येक पायडलला जाणवतो. मान खाली घालून, दात-ओठ खाऊन आपण पुढे जातो. मग रस्ता वळतो आणि तोच वारा पाठीशी येतो. पहिली दोन मिनिटं बरं वाटतं. नंतर वारा विसरायला होतो आणि वाटू लागतं, वा, आज आपण काय जोरात चाललोय!

शाय डेव्हिडाय आणि टॉमस गिलोविच या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१६ साली नेमक्या याच उपमेवर एक शोधनिबंध लिहिला. म्हणणं असं: आयुष्यातले अडथळे आपल्याला सहज आठवतात, मिळालेली मदत सहज आठवत नाही. सोयीसाठी याला आपण 'वाऱ्याचा हिशेब' म्हणू. त्यांना हा हिशेब जागोजागी सापडला. अमेरिकेतल्या दोन्ही पक्षांच्या समर्थकांना निवडणुकीची रचना आपल्याच पक्षाच्या विरोधात आहे असं वाटत होतं. खेळाच्या चाहत्यांच्या नजरेत आपल्या संघाचे अवघड सामनेच जास्त भरत होते. आणि आपल्या विषयाला अगदी चिकटून असलेली गोष्ट: आई-वडील भावंडांपेक्षा आपल्याशीच जास्त कडक वागले, असं लोकांना वाटत होतं.

यात लबाडी नाही. अडथळा पार करावा लागतो, म्हणून त्याकडे लक्ष द्यावंच लागतं, आणि जिथे लक्ष दिलं ते आठवतं. मदतीचं काहीच करावं लागत नाही, ती निमूटपणे काम करून निघून जाते. रस्त्यातला खड्डा वर्षानुवर्षं लक्षात राहतो. गुळगुळीत रस्ता कुणी लक्षात ठेवला आहे?

आता हे दोन मित्रांना लावून बघा. मला माझा समोरचा वारा आठवतो. मित्राच्या बालपणातलं मला काय दिसतं? त्याच्याकडे सायकल होती, घरात पुस्तकं होती, शिकवायला मोठा भाऊ होता. त्याची रात्रीची धास्ती, त्याच्या घरातली भांडणं माझ्यापर्यंत पोहोचलेलीच नसतात. तराजूच्या एका पारड्यात माझा समोरचा वारा, दुसऱ्यात त्याचा पाठीवरचा. आणि नेमकं हेच तो त्याच्या बाजूनं करतो आहे. असा तराजू कधी सरळ राहील?

१९७९ साली मायकेल रॉस आणि फिओरे सिकॉली यांनी नवरा-बायकोंना वेगवेगळं बसवून विचारलं होतं, घरच्या कामांतला तुमचा वाटा किती? दोघांचे आकडे जोडले की बेरीज बहुतेक वेळा शंभर टक्क्यांच्या वर जायची. आपण घासलेलं भांडं आपल्याला आठवतं, दुसऱ्यानं घासलेलं फक्त जागेवर दिसतं. बालपणाच्या कष्टांची बेरीजही अशीच शंभराच्या वर जाते.

"पण आम्ही तर एकाच घरात वाढलो!"

म्हणूनच भावंडांचा सामना सगळ्यात खमंग होतो. आई-वडील तेच, छप्पर तेच, तरी मोठी ताई म्हणते, "सगळ्या परवानग्या मी भांडून मिळवल्या, तुला आयतं मिळालं." धाकटा म्हणतो, "मला एक तरी गोष्ट नवी मिळाली का? दप्तरसुद्धा तुझंच." माझ्या घरी हा खटला अजून चालू आहे. दोन्ही पक्षकार आता चष्मा लावतात.

दोघंही बरोबर असू शकतात. रॉबर्ट प्लॉमिन आणि डेनिस डॅनियल्स यांनी १९८७ मध्ये एका गाजलेल्या निबंधात दाखवलं, की एका घरात वाढल्यानं भावंडांचे स्वभाव आपण समजतो तितके सारखे होत नाहीत. कारण 'एक घर' हे फक्त पत्त्यावर असतं. पहिल्या मुलाच्या वाट्याला घाबरलेले, शिकाऊ आई-वडील येतात. तिसऱ्याच्या वाट्याला थकलेले, पण सरावलेले येतात.

संकट एकच असलं तरी ते कोणत्या वयात गाठतं यावर बरंच अवलंबून असतं. ग्लेन एल्डर या समाजशास्त्रज्ञानं १९२९ नंतरच्या महामंदीत सापडलेल्या कॅलिफोर्नियातल्या मुलांच्या जुन्या नोंदी अभ्यासल्या. एक गट १९२०-२१ च्या सुमारास जन्मलेला, म्हणजे मंदीच्या झळा लागल्या तेव्हा दहा-बारा वर्षांचा. दुसरा १९२८-२९ चा, अगदीच लहान. मोठ्या गटातली मुलं बाहेर पडून चार पैसे मिळवू शकली, घराला हातभार लावू शकली, आणि पुढे एकंदरीत बरी निभावली. धाकट्या गटातल्या मुलग्यांना मात्र तीच मंदी जास्त बाधली. त्यांच्या हातात करण्यासारखं काही नव्हतं, फक्त घरातला ताण होता.

तेव्हा 'किती सोसलं' यासोबत 'सोसताना हातात काही होतं का' हेही बघावं लागतं. मैफिलीत हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण त्यानं किस्स्याची मजा जाते.

शाळा दरवर्षी थोडी लांब का जाते

माझ्या एका मित्राची शाळा 'चार किलोमीटर' लांब होती. एकदा कुणीतरी फोनवरचा नकाशा काढला. अंतर निघालं दीड किलोमीटर. दोन मिनिटं तो गप्प बसला आणि मग म्हणाला, "नकाशा चुकला असेल."

त्याची बाजू घ्यायला हवी. सात वर्षांच्या मुलाचं पाऊल मोठ्या माणसाच्या पावलापेक्षा बरंच आखूड असतं, त्यामुळे तेवढ्याच अंतराला त्याला कितीतरी जास्त पावलं टाकावी लागतात. पाठीवर दप्तर असतं ते वेगळंच. पायांनी मोजलेलं अंतर खरंच मोठं होतं, नकाशा फक्त जमिनीचं सांगतो.

तरीही दीडाचे चार व्हायला आणखी काहीतरी लागतं. आठवण ही पेटीत ठेवलेल्या फोटोसारखी नसते. दर वेळी आठवताना मन ती नव्यानं जुळवतं. याला स्मृतीची पुनर्रचना म्हणतात. गोधडीसारखं समजा: काही तुकडे मूळचे, काही नंतर लावलेले, आणि पांघरणाऱ्याला सगळी एकच वाटते. फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये हे दाखवलं. त्यांनी लोकांना एक परक्या संस्कृतीतली गोष्ट वाचायला दिली आणि काही काळानं ती पुन्हा सांगायला लावली. सांगणारे अनोळखी तपशील गाळत, ओळखीचे घालत आणि गोष्ट आपल्याला पटेल अशी करून टाकत. त्यात जर ऐकणारे 'ओढा' या शब्दाला हसले, तर पुढच्या वेळी ओढ्याला पूर येणारच.

मग आठवणी नुसत्या फुगतात का? नाही, आणि इथे भल्याभल्यांचा अंदाज चुकतो. डॅनियल ऑफर यांनी १९६२ मध्ये शिकागोच्या परिसरातल्या चौदा वर्षांच्या मुलग्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या. ७३ पैकी ६७ जणांना सुमारे ३४ वर्षांनी पुन्हा गाठून विचारलं, तेव्हा तुम्ही काय सांगितलं होतं? त्यांची उत्तरं डोळे मिटून मारलेल्या अंदाजापेक्षा फार बरी नव्हती. त्यांच्यातल्या बहुतेकांनी चौदाव्या वर्षी घरी मार मिळतो असं सांगितलं होतं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ते आठवणारे साधारण एक तृतीयांशच उरले. म्हणजे आठवण शाळा लांबवते आणि छडी आखूडही करते.

"ते सगळं ठीक, पण आमचा काळ खरंच कठीण होता"

हो, होता. याला आकड्यांचा भक्कम आधार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार १९९० मध्ये जगात जन्मणाऱ्या दर हजार बाळांमागे ९३ बाळं पाच वर्षांची होण्याआधी दगावत. २०२२ मध्ये हा आकडा ३७ वर आला. सरासरीनं बघितलं तर बालपण आधीपेक्षा सुरक्षित झालं आहे, आणि आजोबा जेव्हा "आमच्या वेळी..." म्हणून सुरू करतात, तेव्हा या मुद्द्यावर नातवानं गप्प बसावं हे बरं.

पण नातू आपली तुलना आजोबांशी करत नाही, शेजारच्या बाकावरच्या मुलाशी करतो. दुसऱ्या महायुद्धात सॅम्युअल स्टूफर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी सैनिकांचा मोठा अभ्यास केला, तो १९४९ साली प्रसिद्ध झाला. हवाई दलात बढत्या भराभर मिळत, लष्करी पोलिसांत फार क्वचित. तरी बढतीबद्दल कुरकुर हवाई दलात जास्त होती. कारण तिथे ज्याला मिळाली नाही, त्याच्या आजूबाजूला मिळालेले अनेक होते. याला सापेक्ष वंचितता म्हणतात: आपल्याला किती कमी मिळालं हे आपण आजूबाजूला बघून ठरवतो. सगळ्या वर्गालाच चप्पल नसेल तर अनवाणी असण्याची लाज वाटत नाही. चाळीस मुलांत एकट्याला नसेल, तर ती आयुष्यभर टोचते.

नव्या पिढीच्या बाजूनं एवढंच म्हणेन की तिच्या अडचणींचा फोटो चांगला येत नाही. कंदील लगेच डोळ्यांसमोर उभा राहतो. आपली एक चूक कुणीतरी मोबाइलवर टिपून वर्गभर पाठवली, ही धास्ती कशी दाखवणार? वीस वर्षांनी तिचेही किस्से होतील आणि तेव्हा तीच मुलं म्हणतील, "तुम्हाला काय माहीत, आमच्या वेळी..."

"मार खाल्ला म्हणूनच सरळ झालो"

या वाक्यावर मी थोडा जास्त थांबणार आहे, कारण थट्टेतून बाहेर पडून खऱ्या मुलांच्या पाठीवर उतरणारं वाक्य हेच आहे.

ते इतकं पटतं का? एलियट अॅरनसन आणि जडसन मिल्स यांचा १९५९ चा एक प्रयोग आहे. काही विद्यार्थिनींना एका चर्चागटात प्रवेश हवा होता. त्यातल्या काहींना आधी एक फार अवघडून टाकणारी परीक्षा द्यायला लावली, काहींना सौम्य, काहींना कुठलीच नाही. मग सगळ्यांना त्या गटाची चर्चा ऐकवली, जी मुद्दाम अतिशय रटाळ बनवली होती. कठीण परीक्षा दिलेल्यांना ती चर्चा सगळ्यात जास्त आवडली. इतकं सोसलं ते फुकट गेलं, हे मनाला सहन होत नाही, म्हणून ते सोसण्याला किंमत चिकटवतं. याला कष्टांचं समर्थन म्हणतात. 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' हे आपण ऐकत आलो आहोत. पण देवळात उभी असते ती न तडकलेली मूर्ती. घाव घालताना किती दगड फुटले, ते पाथरवटाला विचारावं लागतं.

हाच प्रश्न एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये जुने ७५ अभ्यास एकत्र करून पाहिला. त्यांत मिळून १,६०,९२७ मुलं होती. गंभीर मारहाण बाजूला ठेवून त्यांनी फक्त साध्या चापटी-फटक्यांकडे पाहिलं. अशा माराचा संबंध हट्टीपणा, आक्रमकपणा, मानसिक त्रास अशा गोष्टींशी दिसला. सुधारणेशी दिसला नाही. आता कुणी म्हणेल, हट्टी मुलांनाच जास्त मार बसत असेल. रास्त शंका आहे, अशा अभ्यासांतून कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे पूर्ण सुटत नाही. पण मारामुळे फायदा झाल्याचं तरी दिसायला हवं होतं ना? तुम्ही सरळ झालात हे खरं, मार खाल्लात हेही खरं. या दोन वाक्यांमधला 'म्हणून' तुम्ही नंतर घातलेला आहे.

मग कष्टांनी माणूस घडतच नाही का? थोडा घडतो. मार्क सीरी आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये सुमारे २,४०० अमेरिकी प्रौढांच्या माहितीवरून पाहिलं, की आयुष्यात संकटंच न आलेल्यांपेक्षा आणि फार आलेल्यांपेक्षाही, थोडी आलेल्या माणसांचं मानसिक स्वास्थ्य बरं होतं. औषधासारखंच हे, मात्रेवर आहे. आणि ती मात्रा मुलासाठी मुद्दाम मोजून देणं कुणाच्याही हातात नसतं.

मग हे सगळं हसत का सांगायचं?

कारण त्यानं खरंच बरं वाटतं. वाईट प्रसंगांच्या आठवणीतला कडवटपणा चांगल्या प्रसंगांतल्या गोडव्यापेक्षा लवकर विरतो, असं स्मृतीवरच्या बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. आणि जॉन स्कोव्रॉन्स्की व सहकाऱ्यांच्या २००४ मधल्या कामानुसार, प्रसंग इतरांना सांगितल्यानं हा फरक आणखी वाढतो. म्हणजे मित्रांची मैफल निकाल लावत नसली तरी कडू काढून टाकण्याचं काम करत असते.

शिवाय थट्टा कुणाची करता येते, याचेही नियम आहेत. मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी १९४० मध्ये अशा नात्यांवर लिहिलं, जिथे एकानं दुसऱ्याची खोडी काढायची आणि दुसऱ्यानं रागवायचं नाही, असं ठरलेलंच असतं. "कंदील होता? श्रीमंतच की!" हे वाक्य अनोळखी माणसाला म्हणून बघा. अपमान होईल. मित्राला म्हटलं तर त्याचा अर्थ होतो, तुझं घर मला ठाऊक आहे.

या सामन्यात न उतरणारा माणूस

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी अमेरिकेत सॅन दिएगोतल्या ९,५०८ प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं, तो अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या यादीत सात प्रकारचे अनुभव होते: शारीरिक, मानसिक, लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारहाण, घरात व्यसन, घरात गंभीर मानसिक आजार किंवा आत्महत्येचा प्रयत्न, घरातलं कुणी तुरुंगात. ज्यांनी चार किंवा जास्त प्रकार अनुभवले होते, त्यांच्यात पुढे दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचे प्रयत्न यांचं प्रमाण असा अनुभव नसलेल्यांच्या चौपटीपासून बारापटीपर्यंत होतं.

ही यादी आणि मैफिलीतली यादी शेजारी ठेवा. कंदील, ओढा, अनवाणी पाय, मोठ्या भावाची विजार यांतलं काहीच पहिल्या यादीत नाही. पहिल्या यादीतलं मैफिलीत जवळजवळ कधीच येत नाही. ज्याचं बालपण खरोखर भयंकर होतं तो बहुधा या सामन्यात उतरतच नाही. तो हसतो, पाणी आणतो, विषय बदलतो. जेसी बाल्डविन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये सोळा अभ्यास एकत्र करून पाहिले, तर ज्यांच्या बालपणीच्या अत्याचाराची किंवा हेळसांडीची तेव्हाच नोंद झाली होती, त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक जणांनी मोठेपणी विचारल्यावर ते सांगितलं नाही. काहींना आठवत नसेल, काहींना सांगायचं नसेल, काहींनी त्याला तसं नावच दिलं नसेल.

आकडे वाचून कुणी आपल्या नशिबावर फुली मारू नये. एमी वर्नर यांनी हवाईतल्या कौआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा मोठेपणापर्यंत माग ठेवला. सगळ्यात बिकट परिस्थितीत वाढलेल्यांपैकी दर तिघांतलं एक मूल तरी कर्तबगार, आत्मविश्वास असलेलं, दुसऱ्याची काळजी घेणारं असं माणूस झालं. त्यांच्या बालपणात पुन्हा पुन्हा सापडलेली गोष्ट म्हणजे जीव लावणारं, कायम टिकून राहिलेलं निदान एक मोठं माणूस. कधी आजी, कधी शिक्षक, कधी शेजारी. हाच तो पाठीवरचा वारा, जो आठवायला मुद्दाम विचारावं लागतं.

नकाशा चुकला म्हणणाऱ्या त्या मित्राला मी परवा विचारलं, "शाळेत तुझ्याबरोबर कोण असायचं रे, त्या चार किलोमीटरला?" तो लगेच म्हणाला, "कुणी नाही, एकटाच." मग थोडं थांबून, "पहिली दोन वर्षं मावशी यायची. अर्ध्या वाटेत मी दमलो की दप्तर तीच घ्यायची." आणि मग बराच वेळ तो मावशीबद्दलच बोलत राहिला. अंतराचा विषय त्या दिवशी पुन्हा निघाला नाही.